भिंतीवरची मागणी, तळघरातले उत्तर

अमेरिकेतील बहुसंख्य घरांमध्ये प्रत्येक खोलीसाठी वेगळा हीटर किंवा वेगळा एसी नसतो. तळघरात, माळ्यावर किंवा जिन्याखालच्या बंद कपाटात फर्नेस, म्हणजे गॅसवर, तेलावर किंवा विजेवर हवा तापवणारे यंत्र, बसवलेले असते, घराबाहेर थंडाव्यासाठी कंप्रेसर असतो आणि तापलेली किंवा गार झालेली हवा ब्लोअर नावाचा मोठा पंखा पत्र्याच्या डक्टमधून सगळ्या खोल्यांपर्यंत पोहोचवतो. या यंत्रणेने केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा थांबावे हे ठरवणारे भिंतीवरचे उपकरण म्हणजे थर्मोस्टॅट, आणि त्याला वाय-फाय, माणसांची चाहूल घेणारे सेन्सर व वेळापत्रक लक्षात ठेवणारे सॉफ्टवेअर यांची जोड मिळाली की तो स्मार्ट थर्मोस्टॅट ठरतो. घर गारठले, स्क्रीन कोरा पडला किंवा महिन्याचे बिल अचानक वाढले की पहिला संशय याच उपकरणावर घेतला जातो, कारण सगळ्या यंत्रणेपैकी तेवढेच रोज डोळ्यांसमोर असते. या कामात मुरलेल्या तंत्रज्ञाला मात्र ठाऊक असते की थर्मोस्टॅट स्वतः उष्णता निर्माण करत नाही, तो ती फक्त मागतो. म्हणून दोष मागणाऱ्यात आहे, देणाऱ्यात आहे, की दोघांमधल्या वायरीत, एवढे निश्चित करणे हाच या दुरुस्तीचा गाभा आहे.

थर्मोस्टॅटचा इतिहासही हेच सांगतो. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे भावी शिक्षकांना शिकवणारे प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये ज्या विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले, त्याचे काम वर्गातील हवा गार झाली की तळघरातल्या कामगाराला घंटेने वर्दी देण्यापुरतेच होते, आणि भट्टीकडे पाहण्याचे काम त्या माणसालाच करावे लागे. पुढे १८८५ च्या सुमारास मिनियापोलिस येथे आल्बर्ट बुट्झ यांनी कोळशाच्या भट्टीची झडप तापमानानुसार आपोआप उघडणारी रचना तयार केली, तेव्हा मधला माणूस वगळला गेला. हेन्री ड्रेफस यांनी आकार दिलेला हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट १९५३ मध्ये बाजारात आला आणि घरोघरी पोहोचला. त्याच्या पोटात दोन धातूंची पट्टी आणि पाऱ्याची बारीक कुपी असे, पट्टी तापमानानुसार वळली की कुपी कलंडे आणि पारा सर्किट जोडे किंवा तोडे. २०११ मध्ये नेस्ट कंपनीचा घरमालकाच्या सवयी शिकणारा थर्मोस्टॅट आला, तेव्हा पाऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक स्विचने केव्हाच घेतली होती, परंतु वरून मागणी आणि खालून उत्तर हा मूळ संबंध जॉन्सन यांच्या घंटेपासून बदललेला नाही.

ही मागणी ज्या मार्गाने जाते तो मार्ग समजून घेतल्याशिवाय दोष शोधता येत नाही. घरातील १२० व्होल्टचा पुरवठा फर्नेसमधील लहान ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्टपर्यंत खाली आणतो आणि हाच कमी दाबाचा प्रवाह पातळ वायरींच्या जुडग्यातून भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपर्यंत येतो. ज्या टोकांना या वायरी लावतात त्यांना अक्षरे दिलेली असतात: ‘आर’ म्हणजे पुरवठ्याची वायर, ‘डब्ल्यू’ उष्णतेची मागणी नेणारी, ‘वाय’ थंडाव्याची, ‘जी’ ब्लोअरची, आणि ‘सी’ म्हणजे प्रवाह परत नेऊन सर्किट पूर्ण करणारी सामाईक वायर. थर्मोस्टॅटला उष्णता हवी असते तेव्हा तो ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ जोडतो, एवढेच. लाल, पांढरा, पिवळा, हिरवा आणि निळा हे रंग या अक्षरांसाठी रूढ असले, तरी वायर ओढणाऱ्याच्या हाताशी त्या दिवशी जो रंग होता तोच त्याने वापरलेला असू शकतो. म्हणून अनुभवी माणूस वायरीच्या रंगावर विसंबत नाही, ती दोन्ही टोकांना कोणत्या अक्षराला लावली आहे ते पाहतो.

जुन्या घरांमधील बहुतेक गुंतागुंत ‘सी’ वायरीपाशी सुरू होते. पाऱ्याच्या किंवा साध्या बॅटरीवरच्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी अखंड विजेची गरज नसल्यामुळे अनेक घरांत ही वायर कधी टाकलीच गेली नाही, तर रंगीत स्क्रीन आणि रेडिओ बाळगणाऱ्या नव्या उपकरणाला सतत पुरवठा लागतो. ‘सी’ नसल्यास काही उपकरणे ‘वाय’ किंवा ‘डब्ल्यू’ वायरीतून अगदी थोडा प्रवाह घेऊन आतली बॅटरी भरत राहतात, आणि हा प्रवाह पुरेसा लहान असला तर खालच्या यंत्राला तो मागणी वाटत नाही. मात्र काही फर्नेसच्या नियंत्रक बोर्डांना एवढाही प्रवाह पुरतो. मग रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, टकटक करू लागतो, ब्लोअर मध्येच फिरतो आणि बॅटरी मात्र हळूहळू उतरत जाते. बॅटरी उतरू लागली की अनेक उपकरणे वीज वाचवण्यासाठी आधी वाय-फाय बंद करतात, त्यामुळे मोबाइलवर ‘संपर्क नाही’ असा संदेश येतो आणि घरमालक राउटरला दोष देत बसतो. मेनूमधील तांत्रिक माहितीत बॅटरीचा किंवा येणाऱ्या पुरवठ्याचा व्होल्टेज दिसतो, तो एकदा पाहिला तर इंटरनेट कंपनीला करावयाचा फोन वाचतो. आणि कायमचा उपाय म्हणजे जुडग्यात न वापरलेली वायर शिल्लक असल्यास तिला दोन्ही टोकांना ‘सी’ वर लावणे, नसल्यास कंपनीने दिलेला जोडसंच फर्नेसपाशी बसवणे किंवा वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वापरणे.

स्क्रीन पूर्ण कोरा असणे ही घरमालकाला सर्वांत जास्त घाबरवणारी आणि बऱ्याचदा सर्वांत सोपी तक्रार असते. जुलै महिन्यातील दमट दुपारी एसी तासन्‌तास चालतो, तेव्हा हवेतील बाष्प गार कॉइलवर साचून पाण्याच्या रूपाने एका तबकात पडते आणि पातळ नळीतून बाहेर जाते. या नळीत शेवाळासारखा चिकट गाळ साचला की पाणी तुंबते, तबकातला छोटा तरंगता स्विच वर उचलला जातो आणि छतातून पाणी गळू नये म्हणून तो २४ व्होल्टचा पुरवठा तोडतो. अनेक घरांत तो ‘आर’ वायरीतच जोडलेला असल्यामुळे एसीसोबत थर्मोस्टॅटही विझतो. अशा वेळी नवीन थर्मोस्टॅट आणून बसवला तरी तोही विझलेलाच राहतो, आणि घराबाहेर उघडणाऱ्या नळीच्या तोंडातून पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने गाळ ओढून घेतला की काही मिनिटांत तबक रिकामे होऊन जुनाच स्क्रीन उजळतो. फर्नेसमधला हवा गाळणारा फिल्टर बदलल्यानंतर लगेच स्क्रीन गेला असेल तर फर्नेसचे दार नीट बसलेले नसते, कारण दारामागे एक सुरक्षा स्विच असतो आणि दार घट्ट दाबले जाईपर्यंत तो पुरवठा सुरू होऊ देत नाही. थर्मोस्टॅट बदलताना स्क्रीन गेला असेल तर ब्रेकर बंद न करता काम केले गेले आणि ‘आर’ची उघडी वायर ‘सी’ला लागली असण्याची शक्यता मोठी, त्यात नियंत्रक बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा, मोटारगाडीत असतो तसा चपटा फ्यूज उडतो. या तिन्ही कारणांत महागडे उपकरण निर्दोष असते, आणि तिन्हींचा माग लागतो तो एकाच प्रश्नाने: स्क्रीन विझण्याच्या लगेच आधी घरात काय घडले होते?

स्क्रीन चालू आहे, त्यावर उष्णतेची खूण दिसते आहे, तरीही गरम हवा येत नाही, अशी स्थिती असेल तेव्हा मागणारा आणि देणारा वेगळे करून पाहण्याची एक जुनी, खात्रीची कसोटी आहे. फर्नेसचा ब्रेकर बंद करावा, थर्मोस्टॅट त्याच्या पाटीवरून काढावा, ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’च्या वायरी एकमेकींना जोडाव्यात आणि ब्रेकर पुन्हा लावावा, थर्मोस्टॅट जे काम करतो ते आता हातानेच झालेले असते. गॅसच्या आधुनिक फर्नेसमध्ये अशा वेळी ठरलेल्या क्रमाने आवाज ऐकू येतात: आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा फिरू लागतो, मग प्रज्वलक लालभडक होतो, गॅसची झडप खट्‌कन उघडते, ज्वाला सुरू होतात आणि थोड्या वेळाने मुख्य ब्लोअर हवा ढकलू लागतो. हा क्रम पूर्ण झाला तर फर्नेस ठीक आहे आणि दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे. क्रम सुरूच झाला नाही तर ‘आर’ व ‘सी’ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून २४ व्होल्टच्या आसपास पुरवठा आहे की नाही ते पाहावे. आणि क्रम मध्येच तुटला तर तो कोणत्या पायरीवर तुटला हे कानांनीच कळते. कसोटी संपताच ब्रेकर पुन्हा बंद करून वायरी मूळ जागी लावणे अत्यावश्यक आहे, कारण जोडलेल्या वायरी तशाच राहिल्या तर फर्नेसला थांबवणारे कोणीच उरत नाही.

याच टप्प्यावर सर्वांत उपेक्षित वस्तू समोर येते, ती म्हणजे फिल्टर. धुळीने गच्च भरलेल्या फिल्टरमधून पुरेशी हवा जात नाही, फर्नेसचा आतला भाग गरजेपेक्षा जास्त तापतो, तापमर्यादेचा सुरक्षा स्विच ज्वाला बंद करतो, ब्लोअर मात्र गार होत चाललेली हवा ढकलत राहतो आणि थोड्या वेळाने तेच चक्र पुन्हा सुरू होते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट या काळात इमानाने उष्णता मागत असतो, त्यामुळे अॅपमधील नोंद पाहिली तर फर्नेस तासन्‌तास चालल्याचे दिसते आणि घराचे तापमान मात्र जागचे हलत नाही. ही नोंद म्हणजे स्मार्ट थर्मोस्टॅटने दुरुस्ती करणाऱ्याला दिलेली खरी देणगी आहे. पूर्वी ज्या गोष्टीसाठी तंत्रज्ञाला घरमालकाच्या आठवणीवर विसंबावे लागे, ती आता तारीखवार समोर असते.

दाखवलेले तापमान आणि अंगाला जाणवणारे तापमान यांत फरक पडतो, तेव्हा उपकरणाच्या आतील सेन्सर बिघडल्याचे मानण्यापूर्वी त्याची जागा तपासणे श्रेयस्कर ठरते. घराच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे ५ फुटांवर, ऊन, दिवा, टीव्ही आणि हवेच्या जाळीपासून दूर अशी जागा योग्य मानली जाते. शिवाय वायरी ज्या छिद्रातून येतात त्यातून भिंतीच्या पोकळीतली गार हवा थेट सेन्सरवर येत असेल तर ते छिद्र पुट्टीने बुजवले की कित्येकदा अंशाअंशाचा फरक नाहीसा होतो. याशिवाय प्रत्येक थर्मोस्टॅट ठरवलेल्या तापमानाच्या खाली-वर थोडी सूट ठेवतो, नाहीतर यंत्र क्षणाक्षणाला सुरू-बंद होईल. उष्णतेलाही आपली ओढ असते: कढई गॅसवरून उतरवली तरी तिच्यातले तळण काही काळ लाल होतच राहते, तशी फर्नेस थांबल्यावरही डक्टमधली उरलेली उष्णता घराला तापवत राहते, म्हणून चांगला थर्मोस्टॅट ठरलेल्या अंशापूर्वीच ज्वाला थांबवतो. खाली-वरची सूट अतिशय लहान केली तर यंत्र वारंवार सुरू-बंद होऊन झिजते, म्हणून अर्ध्या अंशाच्या अचूकतेचा आग्रह धरण्यात घरमालकाचे हित नसते.

हीट पंप असलेल्या घरांत एक वेगळा प्रश्न उद्भवतो. हीट पंप म्हणजे एसीचेच यंत्र, जे हिवाळ्यात उलट दिशेने चालून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणते. दिशा बदलण्यासाठी त्यात एक झडप असते आणि तिची वायर ‘ओ/बी’ या टोकाला लावतात. बहुतेक कंपन्यांची झडप थंडाव्याच्या वेळी वीज घेते, काहींची उष्णतेच्या वेळी, आणि मेनूमधला हा पर्याय उलटा निवडला गेला तर उष्णता मागितल्यावर गार हवा येते. इथे यंत्र पूर्ण शाबूत असते आणि एक सेटिंग बदलताच दोष दूर होतो. बिलाची तक्रार मात्र अधिक खोल असते. कडाक्याच्या थंडीत हीट पंप कमी पडला की विजेच्या तारा तापवणारा सहायक हीटर सुरू होतो आणि तो कितीतरी पट जास्त वीज खातो. रात्री तापमान फार खाली उतरवून पहाटे एकदम वर नेले तर ही मोठी दरी भरून काढण्यासाठी नेमका तोच हीटर कामाला लागतो. दिवसातून ८ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे ४ ते ५.५ अंश सेल्सिअसने, उतरवून वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला आहे. पण तो प्रामुख्याने फर्नेसच्या घरांना लागू पडतो, आणि हीट पंपाच्या घरात हिवाळ्यात तापमान एकाच पातळीवर ठेवणे बहुधा स्वस्त पडते.

वाय-फायचे दोष संख्येने पुष्कळ असले तरी त्यांचे महत्त्व मर्यादित आहे, कारण संपर्क तुटला तरी भिंतीवरचा थर्मोस्टॅट आपले वेळापत्रक साधारणतः पाळतच राहतो. राउटर बदलल्यावर किंवा पासवर्ड नवा केल्यावर उपकरणाला तो पुन्हा सांगावा लागतो; अनेक मॉडेल फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर बोलतात, तर काही जुन्यांना नव्या धाटणीची सुरक्षा समजत नाही. या तीन गोष्टी पाहून झाल्या आणि आधी सांगितलेला व्होल्टेज तपासून झाला की सहसा काही उरत नाही. याहून अवघड असतात त्या तक्रारी, ज्यांत कुठेच बिघाड नसतो. पहाटे ६ ला घर उबदार हवे म्हणून यंत्र ५ ला सुरू होते; बोळकांडीतल्या सेन्सरला खोलीत बसून वाचणारा माणूस दिसत नाही म्हणून घर रिकामे समजून तापमान उतरते; किंवा वीज कंपनीच्या सवलत योजनेला पूर्वी दिलेल्या संमतीमुळे उन्हाळ्याच्या ऐन दुपारी तापमानाचा ताबा कंपनीकडे जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलोराडो राज्यात अशा योजनेतील सुमारे २२ हजार ग्राहकांना काही तास आपल्याच घराचे तापमान बदलता आले नव्हते. म्हणून घराच्या थर्मोस्टॅटची तपासणी करताना वायरींइतकेच घरमालकाने कशाकशाला ‘मान्य’ म्हटले आहे हेही पाहावे लागते.

न्यू जर्सीतील एडिसनसारख्या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे. पुण्या-मुंबईहून आई-वडील मुलांकडे राहायला येतात तेव्हा त्यांच्या सवयी स्प्लिट एसीच्या असतात, ज्यात थर्मोस्टॅट यंत्रातच असतो आणि रिमोट एकाच खोलीपुरता चालतो. आकडा १८ वर नेला की खोली लवकर गार होते हा तिकडचा समज इकडे आकडा ८० फॅरनहाइटवर नेला की घर लवकर तापते या रूपात येतो. साधी फर्नेस ७० मागितले काय किंवा ८० मागितले काय, त्याच गतीने तापते, फक्त नंतर थांबत नाही. हीट पंपाच्या घरात तर या एका कृतीने सहायक हीटर सुरू होतो. मात्र ‘आम्हाला इथे थंडी वाजते’ ही ज्येष्ठांची तक्रार खोटी नसते, कारण थर्मोस्टॅट खालच्या हॉलचे तापमान मोजत असतो आणि त्यांची खोली घराच्या उत्तर टोकाला असू शकते. त्या खोलीत वेगळा सेन्सर ठेवून रात्रीपुरते त्याचे माप ग्राह्य धरायला थर्मोस्टॅटला सांगणे हा खरा उपाय आहे, आणि तो आई-बाबांना समजावून सांगणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

घरच्या दुरुस्तीला सीमा आहेत आणि त्या ओळखणे हे कौशल्याचेच लक्षण मानावे. भिंतीतून पातळ वायरींच्या जुडग्याऐवजी जाड वायरी निघाल्या, तर तो १२० किंवा २४० व्होल्टचा विद्युत हीटर आहे, आणि २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट त्याला लावणे धोक्याचे आहे. गॅसचा वास आला तर कोणताही स्विच न हाताळता घराबाहेर पडून गॅस कंपनीला कळवावे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरीही आधी सर्वांनी बाहेर पडावे. फर्नेसच्या आतली ज्वाला, गॅसची झडप आणि एसीचा वायू ही परवानाधारक तंत्रज्ञाची कामे आहेत.

या सीमेच्या आत मात्र घरमालकाला पुष्कळ काही करता येते. जुना थर्मोस्टॅट काढण्यापूर्वी वायरींचा फोटो घ्यावा आणि प्रत्येकीला अक्षराची चिठ्ठी लावावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहिल्यावरच पुढची बदलावी. काय केले आणि केव्हा केले याची नोंद फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. नवे उपकरण विकत घेण्यापूर्वी फिल्टर, पाण्याची नळी, फर्नेसचे दार, फ्यूज आणि ‘सी’ वायर या पाच गोष्टी प्रत्येक घरमालकाने स्वतः तपासाव्यात, कारण थर्मोस्टॅट बदलून यांपैकी एकही दोष जात नाही.